सोवळ्यातले बेडूक

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. याकूबचे बेडूक माझ्यामुळे वितळले. माल खोटा नव्हता, उन्हाचा दोष नव्हता, याकूबचा तर मुळीच नव्हता. मी ते वितळवले, आणि कुणाला कळू नये म्हणून तो लगदा त्याच्याच पाकिटात परत भरून ठेवला.

बेडूक प्लॅस्टिकचे होते, एवढं लगेच सांगतो. नाहीतर वाचणारे भलतंच समजतील. मरळ नावाचा मासा धरायला गळाला लावतात ते मऊ, खोटे बेडूक. पाण्यावरून ओढले की मागचे पाय लयीत हलतात आणि मरळीला वाटतं, न्याहारी चालली आहे.

दरवर्षी पितृपंधरवडा संपत आला की मला ते आठवतात. कोथरूडमध्ये हे दिवस बाल्कन्यांवरून ओळखावेत. रेनकोट शेवटचे वाळत पडलेले असतात, गाद्या उन्हाला येतात, पावसाळाभर दमट झालेल्या भिंतींना कुणी हात लावून बघतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र धायरीच्या मागची जुनी दगडाची खाण असते. दगड काढणं कधीच बंद पडलं; आता तिथं तळं आहे. पावसात ते चहासारखं दिसतं. मग ऊन येतं, आणि पाणी निवळत जातं. आधी काठचे दगड दिसतात, मग पाणवेलींची देठं, मग देठांमधून सरकणारी सावली. लव्हाळ्यांवर चतुर बसतात. खंड्या बाभळीवरून पाण्यात पडल्यासारखा झेपावतो. आणि मध्येच कुठंतरी ‘गप्’ असा आवाज होतो, उशीत तोंड खुपसून कुणी घोट घ्यावा तसा. मरळीला हवेतला श्वास घ्यायला वर यावं लागतं. तो आवाज ऐकला की पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या अंगावरही काटा येतो.

आमच्या घरी मासे खात नाहीत. मी धरतो आणि सोडून देतो. माधवीला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कधी पटलं नाही. “खायचं नाही, विकायचं नाही, मग त्याला हाक मारून बोलावता कशाला?” असं ती विचारते. मी साबणानं हात दोनदा धुतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं मला जमतं. त्याचंच हे सगळं झालं.

याकूबचं दुकान बुधवार पेठेत. त्याच्या आजोबांच्या काळात तिथं रेडिओ दुरुस्त होत. आता चार्जर, रिमोट, हेडफोन, वायरी. मी एकदा टीव्हीचा रिमोट घेऊन गेलो होतो. मागच्या फळीवर, वायरींच्या भेंडोळ्यांत, मासेमारीचं एक रीळ दिसलं. रिमोट बाजूलाच राहिला. दोन तास बोललो, म्हणजे तो बोलला, मी ऐकलं. चार पिढ्या पुण्यात काढलेल्या त्या माणसाचं मराठी माझ्यापेक्षा जास्त पेठेतलं आहे. गिऱ्हाईक म्हणालं, “स्वस्तातला चार्जर दाखवा,” की तो काउंटरवर दोन ठेवायचा आणि म्हणायचा, “हा स्वस्तातला. घेऊन जा. पुढच्या महिन्यात हाच बंद पडला म्हणून याल, तेव्हा चहा पिऊ. आणि हा टिकाऊ. हा घेतलात तर आपली पुन्हा भेट होणार नाही, एवढंच वाईट वाटेल.”

निम्मी गिऱ्हाइकं चिडून जायची. निम्मी हसून टिकाऊ घ्यायची. त्याच्या दुकानदारीचा सगळा कणा त्या चार-पाच वाक्यांत होता. दहा वर्षं चालणारी वस्तू दिली की माणूस विसरून जातो आपल्याला, पण शिव्या तरी देत नाही, असं तो म्हणायचा.

गळ टाकतानाही त्याचं तेच तत्त्व. आमच्या रविवारच्या टोळीत बहुतेक जण स्वस्तातले बेडूक वापरत. मोठी पिशवी येते, तेलकट, लुसलुशीत, हाताला चिकट वास. मरळीला दात असतात. एका झटक्यात ती पाय तोडून नेते. दुसरा काढा, लावा. याकूबनं सात-आठ वर्षांपूर्वी कुठूनतरी दुसरी जात मागवली. एका पाकिटात चारच बेडूक, आणि त्या चारांच्या किमतीत आमच्या दोन पिशव्या आल्या असत्या. त्यानं एक बेडूक दोन हातांत धरून ताणला. तो वीतभर लांबला, हातभर लांबला, सुटला आणि पुन्हा बेडूक होऊन तळहातावर बसला.

“हा योगासनं करतो,” शिरीष म्हणाला. शिरीष आमच्यातला वात्रट. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण तळ्यावर आला की नववीत जातो.

“मरळीला याची किंमत कळते का?” मी विचारलं.

“मरळीला कळत नाही. तुला कळावी अशी अपेक्षा होती,” याकूब म्हणाला, आणि एक बेडूक छोट्या पाकिटात घालून त्यानं माझ्या खिशात कोंबला. “फुकट आहे. आता तरी वापरून बघ.”

मी तो वापरला नाही. त्याचं बरोबर निघेल अशी धास्ती होती, हे आज कळतं.

त्याच आश्विनात त्याला भाचीच्या लग्नाला पंधरवडाभर सोलापूरला जायचं होतं. परत आला की थेट रविवारी तळ्यावर, असं ठरलं. त्या खाणीत बाभळीखालच्या कोपऱ्यात एक म्हातारी मरळ होती. अख्खा मोसम तो तिच्या मागे होता. दोनदा तिनं त्याचे स्वस्तातले बेडूक पायांपासून तोडले होते. म्हणूनच तर त्यानं ही महागाची जात आणली. जाताना सगळं सामान माझ्याकडे ठेवून गेला, आणि दारात चपला घालता घालता म्हणाला, “हे टिकाऊ बेडूक आहेत ना, ते एकटे ठेवायचे. त्यांच्या पाकिटातच. दुसऱ्या मऊ प्लॅस्टिकला लागले की विरघळतात. सोवळ्यात ठेव म्हणजे झालं. तुला काय, घरची सवय असेल.”

“आमच्याकडे आता कुणी पाळत नाही,” मी म्हणालो.

“मग आजीला विचार.”

“आजी जाऊन वीस वर्षं झाली.”

“म्हणूनच हे हाल.”

दोघं हसलो. लिफ्टचं दार बंद झालं.

आता मी काय केलं ते. मी विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस. मला पसारा बघवत नाही. त्याची ती कळकट पिशवी, त्यात पाकिटं, सुटे गळ, अर्ध्या उघड्या पिशव्या. मला वाटलं, याला छान लावून ठेवू, परत आल्यावर चकित होईल. नवा, कप्प्यांचा, पारदर्शक डबा आणला. रंगाप्रमाणे बेडूक लावले: हिरव्यात हिरवे, काळ्यात काळे. स्वस्तातले आणि टिकाऊ एकाच कप्प्यात, मांडीला मांडी लावून. त्याचं बोलणं आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. मनात म्हणालो, प्लॅस्टिकला कसलं आलंय सोवळं. किंमत जास्त लावली की विकणाऱ्याला असा काहीतरी मंत्र द्यावाच लागतो.

आणि आमच्या घरात लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर दिवसभर घर धुमसतं. काही वस्तूंना शेजार सोसत नाही, हे मला कुणी नव्यानं शिकवायला नको होतं.

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी डबा उघडला. नव्या रेनकोटासारखा वास आला. टिकाऊ बेडकांचे पाय उरले नव्हते, डोळे उरले नव्हते. हिरव्यात पिवळा, काळ्यात तांबडा मिसळून रंगपंचमीनंतरच्या बादलीसारखा लगदा, कप्प्याच्या तळाला चिकटलेला. स्वस्तातले बेडूक त्यात रुतून बसले होते, पण बऱ्यापैकी शाबूत. मी बाल्कनीत बसलो. खाली मुलं भोंडल्याची तयारी करत होती. फोन हातात होता. एक वाक्य बोलायचं होतं.

मी चमच्यानं लगदा खरवडला. स्वस्तातले बेडूक उपटून, पुसून त्यांच्या पिशवीत घातले. लगद्याचे तीन गोळे केले, टिकाऊ बेडकांच्या मूळ पाकिटात भरले, तोंड दाबून बंद केलं. डबा कचऱ्यात टाकला. माधवीनं विचारलं, “वास कसला येतोय?” मी म्हणालो, “खालून येत असेल.”

सकाळी तळ्यावर सगळे होते. पाणी काचेसारखं. बाभळीखाली एकदा ‘गप्’ झालं, आणि याकूबनं माझ्याकडे बघून डोळा मारला. मग पाकीट उघडलं.

तो बराच वेळ आत बघत राहिला. शिरीष वाकला आणि म्हणाला, “वा, टिकाऊशेठ. एकदम टिकाऊ माल.” सगळे हसले. हसणं ओसरल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, मी म्हणालो, “तरी मी सांगत होतो.”

ते चार शब्द. लगद्यापेक्षा मला तेच जास्त छळतात.

याकूबनं आपल्या पिशवीतून एक स्वस्तातला बेडूक काढला. तिसऱ्या फेकीला मरळ आली. पाणी फुटलं, रॉड वाकला, आणि एकदम सरळ झाला. बेडकाचे मागचे दोन्ही पाय गेले होते. त्यानं तो धडाचा तुकडा मुठीत घेतला आणि म्हणाला, “सोलापूरला निघायच्या आदल्या दिवशी पिशवी स्कूटरच्या डिकीत राहिली होती. दिवसभर ऊन होतं. माझीच चूक असणार.” मग तो तुकडा खिशात टाकत म्हणाला, “किंवा मालच तसला असेल. मला कळलं नाही.”

मी दोरा गुंडाळत होतो.

‘टिकाऊशेठ’ हे नाव मात्र टिकलं. वर्षानुवर्षं. तो हसून घ्यायचा. हळूहळू रविवारी यायचा कमी झाला. एकदा मी दुकानात उभा असताना गिऱ्हाइकानं स्वस्तातला चार्जर मागितला. त्यानं काढून दिला, पैसे घेतले, गिऱ्हाईक गेलं. दुसरा चार्जर काउंटरवर आलाच नाही. मी विचारलं, “आणि टिकाऊ?” तो म्हणाला, “मागतील ते द्यायचं. आपल्याला काय कळतं.”

तळ्याचं पाणी निवळलं की दरवर्षी मला ते वाक्य तळाशी दिसायचं.

यंदा माधवीनं बोहारणीला द्यायचे कपडे काढले. माझं जुनं, पंधरा खिशांचं जाकीट त्यात होतं. ती प्रत्येक खिसा उलटा करून बघते. एकदा साडीच्या घडीतून कानातलं गेलं होतं, तेव्हापासून. आतून हाक आली, “अहो, हा बेडूक तुमचा का?”

छोटं पाकीट. आत याकूबनं कोंबलेला तो एक. हिरवा, पोट पांढरं. मी तो काढला, ताणला. वीतभर, हातभर. सोडला. तळहातावर पुन्हा बेडूक. इतकी वर्षं कापडी खिशाच्या अंधारात तो सोवळ्यात बसला होता. माझ्या हातून एक गोष्ट नीट सांभाळली गेली होती, तीही मी विसरून गेलो म्हणून.

मी याकूबला फोन केला. “रविवारी चल.”

“मला आता ते जमत नाही रे.”

“तुझा एक बेडूक माझ्याकडे राहिलाय.”

“कुठला?”

“फुकटचा.”

तो आला. अंग थोडं जड झालंय, दाढी पांढरी झालीय, पण काठावर उतरतानाची चाल तीच, पाण्याला चाहूल लागू नये अशी. शिरीष होताच. तात्याही होते. जमीन तात्यांची, आम्हाला येऊ देतात आणि बदल्यात आमची थट्टा करतात. “आलं का शेठ? लई दिसांनी,” तात्या म्हणाले. “ती म्हातारी गेली. तिच्या जागी दुसरी हाय. ही तिच्यावानीच वाकडी.”

शिरीषनं बेडूक बघितला. “हा त्याच जातीचा? टिकाऊशेठ, आज परत लगदा?”

याकूबनं बेडूक हातात घेतला. त्याला गळ ओवायला वेळ लागला. हे बेडूक ओवणं सोपं नसतं. अंग इतकं चिवट की गळ आत जाता जात नाही, बोटाला टोचतो. मग त्यानं फेकला. बेडूक बाभळीखाली उतरला आणि आपणहून तरंगला. ही जात बुडत नाही. दोन ओढी. थांबला. पुन्हा एक.

पाणी उकळल्यासारखं फुटलं. रॉडची कमान झाली. मरळ वेलींत घुसली, बाहेर आली, पुन्हा घुसली. पूर्वी या क्षणाला दोरा सैल पडायचा, पाय तुटायचे, संपायचं. या वेळी दोरा गायला लागला आणि गातच राहिला. याकूब गुडघ्याएवढ्या पाण्यात गेला. तात्या काठावरून सूचना देत होते, त्यातली एकही तो ऐकत नव्हता. शेवटी ती आली, काळी, अंगावर दगडासारखी नक्षी, तोंडात हिरवा बेडूक हातभर ताणलेला. त्यानं हात ओले करून तिला धरलं, गळ सोडवला. बेडूक ‘टप्’ करून आपल्या आकारात परत आला. पोटावर दातांची रांग उमटली होती. बाकी चारही पाय जागच्या जागी.

“लई मोठी हाय,” तात्या म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं येणं म्हणजे मानपत्रच.

त्यानं ती सोडली. ती क्षणभर त्याच्या घोट्याशी थांबली आणि गेली. मग त्याच बेडकावर दुसरी. मग एक सुटली, पण बेडूक शाबूत ठेवून सुटली. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो तसाच बेडूक, तोच गळ. शिरीषच्या पायाशी तेवढ्यात धडांचा ढीग झाला होता. अखेर तो रॉड खाली ठेवून म्हणाला, “याकूबभाई, पाकीट कुठं मिळतं हे?”

“महाग असतं,” याकूब म्हणाला. “तुला परवडेल, पण पटेल का?”

मी हसलो तो असा की तात्यांच्या कुत्र्यानं मान वर केली. कितीतरी वर्षांनी माझ्या छातीत जागा झाली होती. त्याचं बरोबर होतं. तेव्हाही होतं. ते पाण्यासमोर, माणसांसमोर, दुपारच्या लख्ख उन्हात सिद्ध झालं होतं, आणि सिद्ध करणारा बेडूक माझ्या खिशातून आला होता.

तर मग, जास्तीची किंमत मोजावी का? मोजावी. उन्हाळ्यात त्या खाणीचं पाणी आटतं तेव्हा मी तळ बघितला आहे. चिखलात सगळीकडे स्वस्तातल्या बेडकांचे रंगीत पाय रुतलेले असतात, कुठल्याशा खेळण्यांच्या लढाईनंतर राहावेत तसे. त्यातले किती माशांच्या पोटात गेले, कोण जाणे. आपण स्वस्तात जे घेतो त्याचे पाय असे कुठंतरी तळाशी पडून राहतात. पण टिकाऊ वस्तू नुसती विकत घेऊन भागत नाही. तिचं पथ्य असतं. ऊन नको, भलता शेजार नको, सांगितलं तसं ठेवा. ज्याला हे जमणार नाही त्यानं स्वस्तातली पिशवी घ्यावी. मी त्यातलाच होतो. माणूस दात सोसतो, ओढाताण सोसतो, चेष्टाही सोसतो, आणि आपल्याच माणसाच्या डब्यात गुपचूप विरघळतो. बाहेरून पाकीट मूळचंच दिसतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेलो. रस्ताभर झेंडूचे ढीग. काउंटरवर एक मुलगी उभी होती, कॉलेजातली. “काका, चीप वाला चार्जर आहे का?”

याकूबनं एक चार्जर काढला. मग, माझ्याकडे न बघता, दुसरा काढला आणि शेजारी ठेवला. “हा स्वस्तातला. घेऊन जा. पुढच्या महिन्यात याल तेव्हा चहा पिऊ. आणि हा टिकाऊ. हा घेतलात तर आपली पुन्हा भेट होणार नाही, एवढंच वाईट वाटेल.”

मुलगी हसली. टिकाऊ घेऊन गेली. फळीवर, वायरींच्या वर, एका स्वतंत्र पाकिटात तो हिरवा बेडूक टाचणीनं टांगलेला होता, पोटावर दातांची रांग मिरवत. मला राज्याभिषेक बघितल्यासारखं वाटलं.

मग चहा आला. याकूब बशीत चहा ओतत म्हणाला, “बघ, माल चांगलाच होता. मीच तेव्हा डिकीत ठेवून वाट लावली. एवढं सांगणारा मी, आणि मीच पथ्य पाळलं नाही.”

मी म्हणालो, “साखर जास्त झालीय.”

त्याचा विजयाचा दिवस होता, त्यात आपलं रडगाणं कशाला, असं मी घरी येताना स्वतःला समजावलं. पौड फाट्यापर्यंत ते टिकलं. पुढं नाही टिकलं. त्याचा माल निर्दोष सुटला आहे. तो स्वतः अजून सुटलेला नाही. इतक्या वर्षांचा माझा लगदा तो आपल्या नावावर बाळगून आहे, आणि बशीतला चहा फुंकत हसतो आहे.

म्हणून हे आधी लिहून काढलं. छापून येण्याआधी बुधवार पेठेत जायचं आहे, गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघून, किंवा असलं तरी.

याकूबला मी एक वाक्य देणं लागतो: डिकीतल्या उन्हानं नाही, बेडूक मी वितळवले, आणि पाकिटात परत मीच भरले.